छर्रे, कोन आणि वाटी : जुन्या माउंटन सायकलच्या हबचा अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिकांकासाठी कविता द्यावी, फार तर एखादे प्रवासवर्णन द्यावे, असा सर्वसाधारण समज आहे. सायकलच्या चाकातील छऱ्यांवरचा लेख पाहून हा आय.टी.आय.च्या अंकातला कागद चुकून इकडे आला की काय, अशी शंका संपादक मंडळाला आली तर नवल नाही. परंतु ज्या वाहनावर बसून आपल्यापैकी कित्येकजण शाळा शिकले, त्याच्या चाकाच्या पोटात काय असते हे आपल्याला ठाऊक नसावे, ही गोष्ट मला बरी वाटत नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. घरातल्या माणसांना यंत्रांची नावे पुस्तकातून माहीत नव्हती, ती हातातून माहीत होती. हातातले ते ज्ञान आणि ग्रंथालयात वाचलेली माहिती एकत्र मांडून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बैलगाडीच्या चाकात आरे ज्या मधल्या लाकडात बसतात त्याला तुंबा म्हणतात. सायकलचे हब म्हणजे धातूचा तुंबाच. फरक इतकाच, की गाडीच्या तुंब्यात आखावर चाक घासत फिरते, म्हणून वंगण सतत घालावे लागते. सायकलच्या हबमध्ये आस आणि तुंबा यांच्यामध्ये पोलादी गोळ्या असतात आणि त्या गडगडत फिरतात. घासण्यापेक्षा गडगडण्याला जोर फारच कमी लागतो. या गोळ्यांनाच आपण छर्रे म्हणतो.

थोडा इतिहास

छऱ्यांची युक्ती सायकलला लावण्याचे श्रेय पॅरिसच्या ज्यूल सुरिरे याला देतात. त्याने १८६९ साली तिचे पेटंट घेतले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबर रोजी पॅरिस ते रुआन ही सायकल शर्यत झाली आणि जेम्स मूर हा इंग्रज तरुण ती जिंकला. त्याच्या सायकलला छर्रे बसवलेले होते. पण छर्रे हाताने घडवायचे तर एकासारखा दुसरा होत नसे. जर्मनीतील श्वाइनफुर्ट गावच्या फ्रीडरिश फिशरने १८८३ साली गोळ्या एकसारख्या घासणारे यंत्र तयार केले, तेव्हा कुठे छर्रे स्वस्त झाले आणि सामान्य माणसाच्या सायकलीत आले.

माउंटन सायकलचा इतिहास तर हबपासूनच सुरू होतो म्हटले तरी चालेल. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरिन परगण्यात काही तरुण १९७० च्या दशकात जुन्या, जड सायकली घेऊन डोंगरावरून मातीच्या रस्त्याने खाली धावत. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबच्या आत असे. पेडल उलटे दाबले की तो लागे. उतारावर तो इतका तापे, की हबमधले ग्रीस जळून धूर निघे. खाली पोहोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. म्हणून त्या उतारालाच त्यांनी ‘रीपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’, असे नाव दिले. तिथली पहिली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ रोजी झाली. पुढे अशा रस्त्यांसाठी खास सायकली होऊ लागल्या आणि १९८१ साली ‘स्टंपजंपर’ ही कारखान्यात मोठ्या संख्येने होणारी माउंटन सायकल बाजारात आली. जगभर पसरलेल्या या सायकलीच्या बाळपणी हब उघडणे हे नित्यकर्म होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आपल्याकडेही सायकलीचा उद्योग फार दूर नव्हता. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. १९८० साली संसदेने कायदा करून हिंद सायकल्स आणि आसनसोलची सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले. आता त्या काळ्या, उंच सायकली क्वचितच दिसतात. त्यांच्या हबला मध्यभागी तेल घालण्यासाठी एक भोक असे आणि त्यावर पत्र्याची सरकती पट्टी असे. जाड टायरच्या, आडव्या हँडलच्या माउंटन सायकली आपल्याकडे नंतर आल्या. ज्या सायकलीवर हा अभ्यास केला ती त्यांतलीच एक. १९९० च्या दशकात माझ्या थोरल्या चुलतभावासाठी ती मुंबईत घेतली होती. तो मोठा झाल्यावर चाकरमान्यांच्या रीतीप्रमाणे ती एस.टी.च्या टपावरून गावी, म्हणजे पाचाडला आली. रायगडाच्या पायथ्याचे, जिजाऊंच्या समाधीचे आमचे गाव चढउताराचे आहे. वाडीपासून एस.टी.च्या थांब्यापर्यंत मी अजून तीच सायकल वापरते.

हबची रचना

हबच्या दोन्ही टोकांना आतल्या बाजूने पोलादाची एकेक वाटी बसवलेली असते. दुकानात तिला कप म्हणतात. हबच्या मधून आस, म्हणजे एक्सल, आरपार जाते आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी निमुळता कोन फिरवून बसवतात. वाटी आणि कोन यांच्यामधल्या गोल वाटेत छर्रे असतात. कोन सरकू नये म्हणून त्यावर वायसर आणि लॉकनट. धूळ जाऊ नये म्हणून पत्र्याचे झाकण. संपूर्ण रचना एवढीच.

छऱ्यांची मापे ठरलेली आहेत. पुढच्या हबमध्ये बहुधा ३/१६ इंची छर्रे, एकेका बाजूला १०, म्हणजे एकूण २०. मागच्या हबमध्ये १/४ इंची, एकेका बाजूला ९, म्हणजे एकूण १८. मिलिमीटरमध्ये ही मापे ४.७६ आणि ६.३५ होतात. आमच्या वाडीतले तात्या मुंबईच्या गिरणीत फिटर होते; १९८२ च्या संपानंतर ते गावी परतले ते कायमचे. ते याच मापांना ‘दीड सूत’ आणि ‘दोन सूत’ म्हणतात, कारण कारागिरांच्या हिशेबात इंचाची आठ सुते. पुस्तकातले अपूर्णांक आणि तात्यांची सुते बरोबर जुळतात.

छर्रा साधा दिसला तरी साधा नसतो. सायकलसाठी जो चांगला छर्रा मिळतो तो २५ नंबरच्या प्रतीचा असतो. याचा अर्थ, त्याच्या गोलपणातला फरक एका इंचाच्या दहा लाख भागांपैकी २५ भागांहून अधिक नसतो. आपल्या डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा हा सुमारे शंभरावा भाग झाला. एवढ्या नेमक्या वस्तूमध्ये पावसाळ्यातला चिखल शिरला तर काय होईल, हे सांगायला नको.

आधी काय झिजते, आणि का?

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. हब बिघडले असे आपण म्हणतो, तेव्हा त्यातले नेमके काय बिघडलेले असते?

सायकल चालत असताना हब आणि त्यातली वाटी फिरते. आस आणि तिच्यावरचा कोन फिरत नाही. आपले वजन आसेवर खाली पडते. म्हणजे कोनाची खालची बाजू, तिच्याखालचे दोन-तीन छर्रे आणि त्यांच्याखालची वाटी यांच्यावरच एका वेळी सगळा भार असतो. वाटी फिरती असल्यामुळे तिचा प्रत्येक भाग आळीपाळीने खाली येतो आणि भार वाटला जातो. कोन मात्र जागचा हलत नाही. त्याच्या एकाच जागेवर जन्मभर मार बसतो. शिवाय कोनाचा घेर बाहेरून फुगीर आणि छर्राही फुगीर, त्यामुळे दोघांचा स्पर्श अगदी लहान जागेत होतो. वाटीचा घेर आतून खोलगट असल्याने छर्रा तिच्यात अधिक बसतो आणि दाब कमी पडतो. या दोन कारणांमुळे कोन आधी खराब होतो, आणि तोही एकाच बाजूने. आमच्या सायकलचा मागचा डावा कोन काढला तेव्हा खालच्या अंगाला चार-पाच बारीक खड्डे होते आणि वरचे अंग आरशासारखे होते.

यात एक शहाणपण दडलेले आहे. छर्रे सर्वांत स्वस्त, कोन त्याहून थोडा महाग, आणि वाटी हबमध्ये पक्की बसवलेली. ती गेली की बहुधा हबच गेले. हब गेले की सगळे आरे सोडून चाक नव्याने बांधणे आले. म्हणजे जे स्वस्त आणि बदलता येण्याजोगे, ते आधी झिजते. परंतु हा क्रम वेळेवर हब उघडणाऱ्याच्याच उपयोगाचा. खड्डे पडलेला कोन तसाच चालवला, तर त्याचे सुटलेले कण ग्रीसमध्ये मिसळतात, छर्रे ओरखडतात आणि तेच छर्रे पुढे वाटीला खातात. मग स्वस्त वस्तूचे दुखणे महाग वस्तूवर जाते.

आमच्या सायकलचे मागचे चाक डुगडुगू लागले तेव्हा शहरातल्या एका दुकानात ‘आख्खे चाकच बदला’ असा सल्ला मिळाला होता. तात्यांनी हब उघडून दाखवले. वाट्या चांगल्या होत्या. दोन कोन आणि १८ छर्रे बदलले. ते चाक तिसरा पावसाळा काढत आहे.

काम कसे करावे

प्रथम परीक्षा. सायकल उलटी करून चाकाची कड बोटांत धरावी आणि डावी-उजवीकडे हलवावी. आसेजवळ टक-टक लागली तर कोन सैल आहेत. मग चाक काढून आस नुसत्या बोटांनी फिरवावी. करकर लागली तर आत माती किंवा खड्डे आहेत. फिरता फिरता ठरावीक ठिकाणी अडत असेल, तर कोन फार आवळलेले आहेत किंवा आस वाकली आहे. तात्या म्हणतात, ‘‘अगं, बेअरिंग बोलतं. आपण गप्प राहून ऐकायचं.’’

उघडताना एकाच बाजूचा लॉकनट आणि कोन काढावा. मागच्या चाकाला फ्रीव्हील नसलेली डावी बाजू घ्यावी. उजवी बाजू शक्यतो तशीच ठेवली म्हणजे जोडताना चाक मध्यावर बसते. मात्र उजवा कोनही खराब असेल, तर तो काढण्यापूर्वी आसेचे टोक किती बाहेर आहे ते मोजून ठेवावे. कोनासाठी पातळ पाना लागतो. साधा जाड पाना कोनाच्या अरुंद कडांवर बसत नाही आणि त्या कडा मोडतो. खाली परात किंवा जुने वर्तमानपत्र असावे, कारण आस ओढताच छर्रे ओघळतात. दोन्ही बाजूंचे छर्रे वेगवेगळ्या वाट्यांत काढून मोजावेत. संख्या कमी भरली तर शोध तिथेच करावा.

सर्व भाग डिझेलमध्ये जुन्या ब्रशने धुवावेत आणि स्वच्छ फडक्याने पूर्ण कोरडे करावेत. उरलेले डिझेल वहाळात ओतू नये. आपल्याकडचा वहाळ शेवटी सावित्रीलाच मिळतो.

आता तपासणी. बॉलपेनचे टोक कोनाच्या वाटेवरून हलक्या हाताने फिरवावे. डोळ्यांना न दिसणारा खड्डासुद्धा पेनाला अडतो. तसेच वाटीचे करावे. आस सपाट काचेवर लोळवून पाहावी. वाकलेली असली तर ती लंगडते. छर्रे मात्र तपासत बसू नयेत, सगळेच नवे घालावेत. जुन्यात दोन-चार नवे मिसळणे चुकीचे, कारण नवा छर्रा झिजलेल्यापेक्षा किंचित मोठा असतो आणि सगळा भार त्याच्यावरच येतो. नवा कोन तात्काळ मिळत नसेल, तर जोडताना जुन्या कोनाचे चांगले अंग खाली येईल अशा रीतीने आस फिरवून बसवावी. ही केवळ काही आठवड्यांची सोय आहे, हे विसरू नये.

जोडताना वाटीत भरपूर ग्रीस लावावे आणि त्यात छर्रे एकेक करून बसवावेत. ग्रीस त्यांना धरून ठेवते. मोजणीबद्दल शंका असल्यास वाटी छऱ्यांनी पूर्ण भरून एक काढून घ्यावा, म्हणजे त्यांना फिरायला जागा राहते. पत्र्याच्या जाळीतले छर्रे निघाले, तर त्यांच्या जागी सुटे घालता येतात. जाळीची जागा वाचते आणि भार उचलायला अधिक छर्रे मिळतात. ग्रीस लिथियमचे असावे, ते पाण्याला टिकते. आपल्याकडे प्रत्येक कुरकुरीवर खोबरेल तेल हा उपाय असतो. हबला तो चालत नाही. खोबरेल थंडीत थिजते, पुढे चिकट होते आणि धूळ धरून ठेवते.

शेवटची आणि सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे आवळणे. कोन बोटांनी छऱ्यांना टेकेपर्यंत फिरवावा, मग किंचित मागे घ्यावा. एका पान्याने कोन स्थिर धरून दुसऱ्याने लॉकनट घट्ट करावा. लॉकनट आवळताना कोन थोडा आत दाबला जातो, म्हणून आधीच बरोबर बसवलेला कोन शेवटी घट्ट होतो. तेव्हा दोन-तीनदा प्रयत्न करावा लागतो. चाक हलवल्यावर डुगडुगू नये आणि आस बोटांनी लोण्यासारखी फिरावी. ज्या सायकलींचे चाक नटाऐवजी खटक्याच्या दांड्याने बसते, त्यांच्यात दांडा लावण्यापूर्वी पुसटसा खेळ ठेवतात, कारण दांडा आवळल्यावर आस दबून तो खेळ नाहीसा होतो. आठ-पंधरा दिवस चालवल्यावर पुन्हा एकदा पाहावे.

मागच्या चाकाबद्दल एक सूचना. जुन्या पद्धतीच्या हबवर फ्रीव्हील बाहेरून फिरवून बसवलेले असते, त्यामुळे उजव्या बाजूचे छर्रे आत राहतात आणि आसेचा बराच भाग आधारावाचून उरतो. पाच-सहा चक्रांच्या फ्रीव्हीलमध्ये हे अंतर आणखी वाढते, म्हणून तिथे आस वाकते किंवा तुटते. जपानच्या शिमानो कंपनीने १९७८ साली फ्रीव्हील आणि हब एकत्र करून छर्रे बाहेरच्या टोकाशी नेले, ते हा दोष काढण्यासाठीच.

सीलबंद बेअरिंगचे काय?

सुट्टीच्या दिवशी पुण्या-मुंबईचे सायकलस्वार कोंझरचा चढ चढून पाचाडला येतात. त्यांच्या अनेक सायकलींत सुटे छर्रे नसतात, तर कडे, छर्रे आणि झाकण एकत्र असलेले सीलबंद बेअरिंग असते. ते खराब झाले की ठोकून किंवा दाबून काढायचे आणि नवे बसवायचे. यात कोन आवळण्याची कसरत नाही आणि हबही वाचते. बेअरिंगच्या कडेवर त्याचा क्रमांक कोरलेला असतो. ६००० किंवा ६००१ यांसारखा क्रमांक असला तर मोटारसायकलचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानातही चौकशी करता येते. बसवताना बाहेरच्या कड्यावर जोर द्यावा; आतल्या कड्यावर ठोकले तर तो मार छऱ्यांवर बसतो आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी अधू होते. दोन्ही पद्धती आपापल्या जागी चांगल्या आहेत. मात्र दोन पाने आणि चिमूटभर छर्रे एवढ्या भांडवलावर जी दुरुस्ती घराच्या पडवीत होते, ती कोन-वाटीच्या हबचीच.

हे आपण का शिकावे?

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारीचे पाणी महाड शहरात शिरले, ते आपण कुणीच विसरलेलो नाही. माणसांचे संसार वाहून गेले, तिथे सायकलींची काय कथा! पाणी ओसरल्यावर लोकांनी सायकली धुतल्या, पुसल्या, चेनला तेल दिले. बाहेरून त्या स्वच्छ झाल्या. पण पुराचे पाणी हबमध्येही शिरते आणि ओसरताना गाळ आत ठेवून जाते. त्या पावसाळ्यानंतर नातलगांच्या दोन सायकली तात्यांबरोबर मी उघडून पाहिल्या. पुरानंतर पंधरवड्यातच उघडली ती नव्या छऱ्यांवर सुटली. दुसरी दिवाळीनंतर उघडली. तिच्या वाट्यांना गंजाने खड्डे पडले होते आणि ती भंगारात वजनावर गेली. दोघींमध्ये फरक होता तो फक्त मधल्या तीन महिन्यांचा. दुसऱ्या सायकलच्या मालकाला चाकाच्या आत उघडण्याजोगे काही असते, हेच माहीत नव्हते.

ज्या घरात नवी सायकल घेणे सोपे नाही, तिथे हे अज्ञान परवडत नाही. त्या सायकलीवर कुणाची तरी शाळा अवलंबून असते, आणि बहुतेक वेळा ती शाळा मुलीची असते. मी पाना हातात घेतला तेव्हा ‘मुलीच्या जातीने हात कशाला काळे करायचे’ असे बोलणारी माणसे घरीदारी होती. ग्रीस साबणाने निघते, हा माझा अनुभव आहे.

आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबीर भरते. रस्ते, बंधारे, स्वच्छता ही कामे आपण करतोच. त्यांतला एक दिवस पावसाळ्यानंतर गावातील सायकलींसाठी द्यावा, अशी माझी प्राध्यापक वर्गाला आणि सहाध्यायांना विनंती आहे. दोन कोन पाने, एक फ्रीव्हील काढण्याचा पाना, दीड सूत आणि दोन सूत छऱ्यांच्या पुड्या, एक डबा ग्रीस, थोडे डिझेल आणि एक परात, एवढे सामान पुरे. शिकवायला तात्या येण्यास तयार आहेत. त्यांना मी विचारले आहे. फक्त सकाळी लवकर सुरुवात करावी, दुपारनंतर त्यांना बारीक छर्रे नीट दिसत नाहीत.